उजवी बाजू

प्रिय आईस,

आम्ही नीट पोहोचलो. खोलीला मोठी खिडकी आहे आणि शेजारच्या खाटेवर आत्या घोरते, म्हणजे घरच्यासारखंच आहे.

जुने रिपोर्ट वाचून डॉक्टरबाईंनी विचारलं, "जन्मापासून एकच मूत्रपिंड ना? कुठलं नाही?" मी म्हटलं, उजवं. त्यांनी पोटावर उजवीकडेच बोट टेकवलं आणि मी ओरडले. मग त्यांनी चित्र काढून दाखवलं. मला गर्भाशयं दोन आहेत आणि उजव्याची वाट पडद्याने बंद आहे. डाव्याची पाळी दर महिन्याला येते, म्हणून कुणाला शंका आली नाही. उजव्याचं रक्त आतच साठत राहिलं.

उद्या तो पडदा कापतील. आत्या म्हणाली, "माझं नाकाचं हाड कापलं होतं ना, तसंच गं." मग तिने बाईंना विचारलं, "उजवं वाचेल ना?" बाई म्हणाल्या, "आत पाहिल्यावर सांगते." त्यानंतर आत्या रात्रीपर्यंत माझ्या कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसली. तू तिला ओळखतेस.

बाबांना सांग, गोळीने झोप लागते. तुझी कंबर कशी आहे?

मला बहीण आहे का, असंही बाईंनी विचारलं. छोटीची पाळी आता सुरू झाली आहे ना? ती माझी नक्कल करायची, उजवीकडे हात दाबून वाकून चालायची, आणि आपण सगळे हसायचो. आता मी तिथे नाही. ती अजून तशी चालते का?

तुझी,
थोरली