खिशातले फ्यूज

ता. ९ नोव्हेंबर, रविवार

ती. बाबांना,

तुमच्या धाकट्याचा वाकून नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघून तुम्ही म्हणाल, एका जागी न टिकणाऱ्या आपल्या भिंगरीने पत्र लिहिलं म्हणजे एक तर नोकरी सोडली, नाहीतर लग्न जमवलं. दोन्हीपैकी काही नाही. नोकरी तीच आहे आणि लग्नाला मला कोण विचारतंय. तब्येत बरी आहे. गुडघा खरचटला होता, तो भरून आला.

फोनच केला असता. पण तुम्हाला हल्ली ऐकू कमी येतं, वहिनी तुमच्या कानाशी ओरडून सांगणार, आणि तुमच्याआधी शेजारच्या घरात कळणार. म्हणून लिहितोय. एक करा, हे पत्र वहिनीकडून वाचून घेऊ नका. चष्मा लावा आणि स्वतः, सावकाश वाचा.

सावकाश हा शब्द लिहिला आणि पेन थांबलं बघा. त्याचं पुढे सांगतो.

आमची राहायची खोली म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, भिंतीला हेल्मेटं टांगलेली, दाराशी चिखलाचे बूट. मोज्यांच्या वासाची सवय झाली. माझ्या शेजारची खाट रिकामी झालीय. मुकादम म्हणाला, तुझी ट्रंक ठेव तिच्यावर. मी ठेवत नाही. ट्रंक पायाशीच बरी.

काम काय, तर खांबांवर करड्या पेट्या बसवायच्या आणि मधल्या वेळात लाइनची दुरुस्ती. पेटी दिसायला तुमच्या जुन्या जेवणाच्या डब्यासारखी, वर बोटाएवढी एरियल. पण बाबा, त्या पेट्या एकमेकींशी बोलतात. वायर नाही, काही नाही, वाऱ्यावरून निरोप. हिने तिला सांगायचं, तिने पुढचीला, शेवटी ऑफिसात. आपल्या आत्याला कसं घरबसल्या सगळ्यांचं सगळं कळतं, तसं. लाइन कुठं तुटली ते शोधायला तुम्ही पायपीट करायचात, इथं साहेबाच्या पडद्यावर ठिपका लाल होतो. त्याच्याही पुढची गंमत म्हणजे एका बाजूने वीज गेली की पेट्या आपसात ठरवतात आणि दुसऱ्या बाजूच्या लाइनीवरून देतात. कुणाला विचारायचं नाही. साहेबाने आम्हाला करून दाखवलं होतं. एक वस्ती बंद केली आणि म्हणाला, "आता बघा, कुणी तक्रार करायच्या आत येते की नाही." आली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यात जोरात.

माझ्या जोडीला एक जुना लाइनमन होता. सगळे त्याला सावकाश म्हणायचे. कारण काहीही सांगा, त्याचं उत्तर तेच. गाडी आली, चला. सावकाश. साहेब ओरडतोय. सावकाश, लाइन काय पळून जातेय. चहा निवेपर्यंत बशीकडे नुसता बघत बसायचा. मला म्हणायचा, "तुझ्या ढुंगणाखाली कुणी निखारा ठेवलाय का रे? बस की घटकाभर." पण खांबावर चढला की असा नेमका हात, तुम्हाला आवडला असता. तुम्हाला आवडणारी माणसं थोडी, त्यातला.

त्याला मी तुमचं सांगायचो. तुम्ही लाइनचे फ्यूज उतरवून स्वतःच्या खिशात ठेवायचात, कुणाच्या हातात द्यायचा नाहीत, आणि आईने त्यासाठी तुमच्या विजारीला मांडीपर्यंत लांब खिसा शिवला होता. दादाला आणि मला तुम्ही एकच शिकवलंत, वर चढलेला माणूस आपल्या खिशात आहे असं समजायचं. ऐकून सावकाश म्हणाला, "तुझ्या बापाबरोबर मी डोळे झाकून चढलो असतो." मी पण इथल्या शिंप्याकडून तसा खिसा करून घेतला. पोरं हसली. सावकाश हसला नाही.

आता ते हँडसेटचं. प्रत्येक जोडीला कंपनीने मोबाइलसारखं एक यंत्र दिलंय. चढायच्या आधी त्यावर 'माणूस वर आहे' असं बटण दाबायचं, म्हणजे त्या भागातल्या पेट्या गप्प बसतात. आम्हाला हे सांगितलं होतं, नाही असं नाही. पण तेच यंत्र आपण कुठं आहोत तेही ऑफिसात सांगतं. चहाला जरा बसलं की फोन, तिथं काय करताय. म्हणून सगळ्याच जोड्या ते फडक्यात गुंडाळून गाडीत सीटखाली टाकायच्या. बटण म्हणजे साहेब लोकांचा खेळ, आपला फ्यूज आपल्या खिशात, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. तुमचं नाव घेऊन.

बाबा, गेल्या महिन्यात टेकडीच्या कडेला खांबावरची चिनी मातीची वाटी तडकली होती. ती बदलायला आम्ही दोघं गाडीवाल्याला घेऊन गेलो. भर दुपार, लख्ख ऊन. मी लांब काठीने तिन्ही फ्यूजच्या नळ्या उतरवल्या आणि खिशात खोचल्या. सावकाशने काठीवरचा टेस्टर लावून बघितला. लाइन मेलेली. तुम्ही विचाराल, साखळी टाकली का, लाइन जमिनीला जोडली का. तीच टाकायला तो चढत होता. साखळी त्याच्या खांद्यावर होती. निम्म्यात थांबून खाली बघत म्हणाला, "आहेत ना रे?" मी खिशावर थाप मारून दाखवली. म्हटलं, "आहेत. चढ."

टेकडीआड असलेल्या पेटीला आमच्या बाजूचा निरोप सरळ पोचत नव्हता. लांबून, दुसऱ्या पेट्यांवरून फिरून गेला. म्हणून वेळ लागला, तेवढ्यात तो वर पोचला. हे मला नंतर कळलं. त्या पेट्यांना वाटलं, लाइन गेली, लोक अंधारात आहेत. त्यांनी दुसऱ्या टोकाने वीज सोडली.

आवाज तुम्हाला माहीत आहे, तो लिहीत नाही. कमरेच्या पट्ट्यामुळे तो खाली पडला नाही, तिथंच टांगून राहिला. मी खिशातून नळ्या काढून बघितल्या. तिन्ही होत्या. खांबाकडे धावायचं सोडून मी त्या पुन्हा पुन्हा मोजत होतो, असं गाडीवाला सांगतो. मला आठवत नाही. धावताना पडलो ते आठवतं, गुडघा तेव्हाचाच.

दुसऱ्या दिवशी साहेबाने केबिनमध्ये बोलावलं. वाईट माणूस नाही तो, पोरगाच आहे, डोळे सुजलेले होते. पण शेजारी वरून आलेला एक मोठा साहेब बसला होता. तो म्हणाला, "हँडसेट मयताकडे होता, बरोबर?" असं विचारलं की उत्तर त्याने आधीच ठरवलंय असं वाटावं. मी म्हटलं, हँडसेट माझ्या नावावर होता, माझ्याच सीटखाली होता, आणि चढ असं मी म्हणालो. मोठा साहेब म्हणाला, "विचार करून बोल, तुझं वय काय?" मी म्हटलं, विचार करूनच आलोय. तेव्हापासून मला खांबाजवळ जाऊ देत नाहीत. गोदामात पेट्या पुसतो आणि खोक्यात भरतो. पुढे काय करणार आहेत ते कुणी सांगत नाही.

त्याची बायको सामान न्यायला आली होती. खाटेवर बसली, उशीवरून हात फिरवला. मला म्हणाली, "खाली तुम्हीच होतात ना?" हो म्हटलं. मग म्हणाली, "घाई केली का त्यांनी?" मी म्हटलं, नाही वहिनी, अजिबात नाही. तिने मान हलवली. म्हणाली, "घरी तर जेवायलासुद्धा घाई नसायची." बॅग उचलून निघून गेली. बॅग उचलू लागायलाही मी पुढं झालो नाही. हात लावायची हिंमत झाली नाही.

हे सगळं मी तुम्हाला लिहिणार नव्हतो, खरं सांगतो. तुम्ही आयुष्यभर ज्या नियमावर माणसं चढवलीत आणि सुखरूप उतरवलीत, तोच धरून माझा माणूस गेला, हे बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं? एखाद दिवशी फोनवर पाऊसपाणी बोलून ठेवून दिला असता.

पण परवा वहिनीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "इकडेपण खांबांवर करड्या पेट्या आल्यात, तुझे दादा खूश आहेत, लाइनवरची पायपीट वाचली म्हणून." मी विचारलं, दादाला हँडसेट दिलाय का. तर हसून म्हणाली, "दिलाय की. घरात फडताळावर पडलेला असतो. म्हणतात, मला कशाला, माझे फ्यूज माझ्या खिशात."

म्हणून लिहितोय, बाबा.

मी सांगून दादा ऐकणार नाही. त्याच्या लेखी मी अजून शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळालेलाच आहे. आणि तुम्हीच शिकवलेलं तो तुमच्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून सोडणार? तुम्हीच सांगा. फ्यूज खिशात ठेवू दे, साखळी टाकू दे, पण त्याआधी, जमिनीवर उभा असताना, ते बटण दाबू दे आणि ऑफिसातून हो आल्याशिवाय पहिल्या पायरीला पाय लावू नये. चहाला बसलेलं ऑफिसला दिसलं तर दिसू दे.

तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. तुमच्या वेळी वीज एकाच बाजूने यायची, आणि ती बाजू तुमच्या खिशात असायची. आता ती कुठून येईल ते खालच्या माणसाला कळत नाही. दादाला हे अशा शब्दांत सांगा, म्हणजे तुमच्या मनालाही लागणार नाही. तरी लागेल. लागलं तर मला शिव्या द्या, मी ऐकून घेईन.

सावकाशचं दादाला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांगितल्याशिवाय पटणार नसेल तर सगळं सांगा. मी 'चढ' म्हणालो तेसुद्धा.

त्या तीन नळ्या कंपनी मागतेय, उद्या जमा करतो. विजारीचा लांब खिसा मी उसवून काढला. कापड आईच्या हातचं नव्हतं, तरी उसवताना वेळ लागला.

उत्तरात माझी चौकशी नको, उपदेश नको. दादाने बटण दाबलं आणि मग चढला, एवढी एकच ओळ लिहा. ती येईपर्यंत मी इथून हलत नाही.

तुमची,
एका जागी बसलेली
भिंगरी