सौंदर्याला कुणी घडवलं

मंगळवार, ३ फेब्रुवारी
सगळ्यात आधी आली ती गंगव्वा! माझी विहीण, सौंदर्याच्या आईची आई; मी तिच्या बापाची आई. चॅनेलवाली पोरगी अकराला यायची होती, ही गडहिंग्लजहून साडेआठलाच हजर. अंगावर नवी इरकल. म्हटलो, आज कुणाचं लगीन हाय काय? तर म्हणती, टीव्हीवर दिसायचं तर नीट नको?

नात माझी, सौंदर्या, नगरसेविका झाली. गुलाल अजून उंबऱ्याच्या फटीत हाय, मी झाडू देत न्हाय. छाती कशी भरून येती! आणि टीव्हीवर ही!

पूर्णिमा, ती चॅनेलवाली, गोड पोरगी. साखर नको म्हणाली चहात, आजकाल सगळ्यांचं तेच. तिला हवं होतं, पुढारी लहानपणात कसा घडतो. मी तोंड उघडायच्या आत गंगव्वा सुरू— पोरगी सुट्टीला माझ्याकडं यायची, धीट मी केली. सुट्टीला! वर्षातला एक महिना. बाकीचे अकरा महिने शेंबूड कुणी पुसला? गोवर आला तवा उशाला कोण बसलं?

बुधवार, ४
पाठ धरलीया. रागानंच धरली असणार.

गुरुवार, ५
पूर्णिमाचा फोन. सौंदर्या तिला म्हणाली, "माझं पहिलं आंदोलन घरातच झालं, म्हशीपुढं." कुणाविरुद्ध ते सांगेना, आज्जीलाच विचारा म्हणाली. मी म्हटलो, मला न्हाय बा आठवत.

खोटं बोललो. सगळं आठवतंय.

राजवीर, सौंदर्याचा थोरला भाऊ, तालमीत जायचा. सकाळी म्हशीखाली गिलास धरायचा, धार थेट त्यात, फेसासकट प्यायचा. सौंदर्याला कोरा चहा. पोरीला ताकद कशाला, असं मीच म्हणायचो. एक दिवस ही आठ वर्षांची कार्टी गिलास घेऊन म्हशीपुढं बसली. मला दिल्याबिगर धार काढू देणार न्हाय! म्हस हंबरतीया, डेअरीची वेळ चाललीया. मी दोन रपाटे घातले. रडली, पण उठली न्हाय. गंगव्वा तवा पावणी आलती. तिनं पोरीला उचलायचं सोडून पदर खोचला आणि शेणातच शेजारी बसली. म्हणाली, "आता मलाबी मार." तिला कसं मारणार? डेअरी चुकली. दुसऱ्या दिवसापासनं दोन गिलास.

म्हंजे गंगव्वा बोलली ते खोटं न्हाय. जळतंय ते तेवढ्यासाठीच.

शुक्रवार, ६
जेवण गेलं न्हाय. सून विचारती, काय झालं. पित्त म्हटलो.

शनिवार, ७ फेब्रुवारी
गंगव्वाला मीच फोन केला. म्हटलो, शेजारी बसलेलं तू सांग. आंदोलन कुणाविरुद्ध होतं ते मी सांगणार. पण आधी मी! चॅनेलवाली उद्या, रविवारी, परत येणार म्हणालीया.