टिटवी काय म्हणाली

६ जुलै २०२५, रविवार

सकाळपासून फोन टिंगटिंग करतोय. "कपिलभाऊ, या रविवारचं पुस्तक?" अरे, पुस्तकं सांगायची ती सुरभी! मी वह्या विकतो, झेरॉक्स काढतो, कंपासपेट्यांवर किमतीची लेबलं चिकटवतो. चित्रांच्या पुस्तकांची फळी तिची. बाभुळगावातल्या आईबापांचा तो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिचा. "आधी लेकराला मांडीवर घ्या, मग पुस्तक उघडा" हे दर रविवारचं वाक्यही तिचंच.

सुरभी, माझी बायको, मे महिन्यात गेली. मेंदूज्वर. अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तरी विचारतात. विचारतात म्हणून राग येतो, आणि विचारणं बंद केलं तर तिला विसरले म्हणून येईल. माझं काही खरं नाही.

शेवटी एक टाकलं. भोपळ्याच्या वेलाची गोष्ट, चार ते सहा वर्षं, चित्रं ठसठशीत, आजी-आजोबांनी वाचायला बरी. तिच्यासारखं लिहायला गेलो आणि किराण्याची चिठ्ठी झाली. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. पुस्तकाला की सुरभीला, कळलं नाही.

८ जुलै

निवृत्त मास्तर पुंडलिकराव दुकानात आले. माझ्यासाठी भेट! "वाचा कपिलराव, उभारी येईन." प्रेरणादायी पुस्तक. कव्हरवर डोंगर, डोंगरावर माणूस, माणसाचे हात वर. माझ्याच दुकानातून नेलेलं!! आत सगळे पडतात आणि उठतात. जो उठला नाही त्याचं पुस्तक कोणी काढत नाही, मास्तर. हे मनात. तोंडानं "आभारी आहे".

जाताना गुपचूप चपला घालून गेले. दुःखाच्या घरून निघताना "येतो" म्हणायचं नसतं. घरी बसायला आलेले सगळे असेच उठून गेले. आता लोक दुकानातूनही तसेच जातात.

निकू काउंटरखाली चित्रं रंगवत होती. सहा वर्षांची आहे पण कान तिखट.

"ते आजोबा 'येतो' नाई म्हणले."

"हं."

"मंग ते आता नाई येनार?"

"येतील की."

"मंग म्हणले काहून नाई? आई तं म्हणली होती."

म्हणाली होती खरी. ताप डोक्यात चढलेला, जीभ जड झालेली, दोघांनी धरून गाडीत बसवलं. तरी खिडकीतून म्हणाली — "येते गं निकू." नागपूरच्या दवाखान्यातून मी एकटा परत आलो. आपल्यात "जाते" कोणी म्हणतं का? मरायला टेकलेलं माणूसही "येतो"च म्हणतं. हे सहा वर्षांच्या पोरीला कसं सांगू?

१३ जुलै, रविवार

ग्रुपवर काही टाकलं नाही.

सगळ्यांनी निकूला सांगून ठेवलंय, आई देवाघरी गेली. तिचं उत्तर तयार — "मंग देवाच्या घरून येईन नं!" स्मशानात तिला नेलं नव्हतं. शेजारच्या बिजलीकाकूंकडे ठेवली होती. तिनं काही पाहिलंच नाही. तिच्यासाठी आई अजून त्या गाडीतच बसलेली आहे.

मला वाटलं, एखादं पुस्तक माझ्याऐवजी सांगेल. सुरभी म्हणायची ना, जे आपल्याला बोलता येत नाही ते चित्राला बोलू द्या. म्हणून आज सगळी फळी खाली काढली. ससा हरवतो, सापडतो. हत्ती चिखलात रुततो, निघतो. एका पुस्तकात मासा मरतो — आणि शेवटच्या पानावर बाबा नवीन मासा आणतात. नवीन मासा! भिरकावणारच होतो. पण त्याला सुरभीनं स्वतः घातलेलं प्लास्टिकचं कव्हर होतं. पुसून परत ठेवलं.

१५ जुलै

आज निकूनंच पुस्तक आणून मांडीवर ठेवलं. 'टिटवी निघाली'. सुरभी हे तिला रोज वाचून दाखवायची. मी तेव्हा शटर लावत असायचो. आवाज यायचा, शब्दांकडे लक्ष नसायचं.

साधी गोष्ट. तळं आटतं, टिटवी दुसरीकडे निघते, एकेकाचा निरोप घेते. मी वाचलं, "जाते रे बेडका!"

पुस्तकावर फटकन हात. "तसं नाई! येते रे बेडका!"

"अगं, इथं—"

"आई 'येते'च वाचे! तुले वाचता नाई येत काय?"

पुढची पानं पाहिली. जाते गं म्हशी. जाते गं बाभळी. जाते रे तळ्या. चारही ठिकाणी 'जाते'! छापणाऱ्याच्या घरात कोणी वडीलधारं नसावं. सुरभीच्या तोंडून तो शब्द निघालाच नसणार. रोज चार वेळा तो तिनं गिळला, आणि मला कधी सांगितलंही नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसेल.

मीही "येते" वाचलं. निकू खूश. "टिटवी परत येईन नं?" म्हणाली आणि झोपून गेली.

आज फार आठवण आली.

१६ जुलै

किमतीची चार लेबलं घेतली. चारही 'जाते'वर चिकटवली. पेननं लिहिलं — येते, येते, येते, येते. लेबलं नीट चिकटवणं हे एकच काम मला चांगलं जमतं.

२७ जुलै, रविवार

पहिलीच्या अलफिया मॅडम खडू न्यायला आल्या होत्या. "निकू तो कमाल करून राह्यली, भाऊ! अक्षरं पटपट उचलते. घरी वाचून घेत जा तिच्याकडून."

"हो, घेतो."

नाही घेणार! शिकू दे जरा हळू. काय घाई आहे? रविवारच्या पुस्तकाखाली मी आजच लिहिलंय, "मूल स्वतः वाचू लागलं की घर उजळतं." वर लेकीला वाचता येऊ नये म्हणून देवाला हात जोडतोय. ग्रुपवाल्यांना कळलं तर जोड्यानं मारतील.

३ ऑगस्ट, रविवार

मुकुटबनहून एका बाईचा मेसेज. ओळख नाही, कोणाकडून तरी नंबर मिळालेला. "भाऊ, आमच्या घरचे गेले. पोराईले कसं सांगू समजत नाही. एखांदं चित्राईचं पुस्तक आहे काय?"

दुकान उघडं ठेवून आत जाऊन बसलो. मग लिहिलं. "ताई, मी सगळी फळी शोधली. असं पुस्तक माझ्याकडे नाही. मुलांना मांडीवर घ्या आणि तुमच्याच तोंडानं सांगा. गेले म्हणू नका, गेलेलं माणूस परत येतं असं मुलांना वाटतं. सरळ सांगा." सुरभीनं लिहिलं असतं तसं उतरलं, पहिल्यांदाच.

लगेच उत्तर — "तुमच्या पोरीले तुमी कसं सांगतलं, भाऊ?"

४ ऑगस्ट

उत्तर दिलं नाही.

२२ ऑगस्ट, पोळा

यंदा सण नाही. दारावर तोरण नाही, पुरण नाही.

निकू शाळेतून 'काना' घेऊन आली. मॅडमनं सांगितलंय, काना म्हणजे काठी, अक्षराच्या हातात काठी दिली की ते बदलतं. बाईसाहेबांनी झेरॉक्सचे खराब कागद घेतले आणि काठ्या वाटत सुटल्या. "बघ बाबा, बेर! आता काठी देली. बोर!" केळी लिहून तिची कोळी केली. खूप हसलो दोघं. हसता हसता मागे वळून पाहिलं, सुरभीला दाखवायला. अजून सवय जात नाही. किती बावळट आहे मी.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

बिजलीकाकू निकूला लेकरांचे लाकडी बैल दाखवायला चौकात घेऊन गेल्या होत्या. लवकर परतली. "सगळ्याईच्या आया होत्या," एवढंच म्हणाली.

मग टिटवीचं पुस्तक काढलं. "आज मी वाचीन," निकू म्हणाली. एकेक अक्षर बोटानं दाबत वाचलं. लेबलापाशी थांबली. नखानं कोपरा खरवडला.

"हे तू चिकटोलं. हे तुह्या हातचं अक्षर हाय."

मी काही बोलेपर्यंत लेबल निघालंसुद्धा. खाली छापलेलं होतंच. "जा... ते. जाते." पुढचं पान. "जाते." चारही काढली, एकेक करून, फाटू न देता. ही पण माझीच शिकवण.

"आई खोटं वाचे?"

"खोटं नाही गं. आपण जाताना 'येते' म्हणतो. जायचं असलं तरी."

चित्रातल्या तळ्यावर तिनं बोट फिरवलं. मग — "मंग गाडीत बसतानी आई 'येते' म्हणली, थे बी... 'जाते' होतं काय?"

इतके दिवस मी पुस्तक शोधत होतो. तिनं तेच पुढ्यात उघडून धरलं होतं.

"हौ," म्हणालो. मग मांडीवर घेतलं. सरळ सांगितलं. आई मेली, निकू. दवाखान्यातच मेली. तिला यायचं होतं, खूप होतं. आता ती येणार नाही.

"टिटवी बी मेली?"

"नाही. टिटवी दुसऱ्या तळ्यावर आहे."

"मंग आईच काहून?"

मग ती रडली. मे महिन्यात रडली नव्हती ते सगळं रडली, माझा शर्ट मुठीत धरून. मीही रडलो, लपवलं नाही. बिजलीकाकू भात घेऊन आल्या, बघितलं, ताट झाकून ठेवलं आणि गेल्या.

२४ ऑगस्ट, रविवार

मुकुटबनच्या ताईंना कळवलं — "काल सांगितलं. फार जड गेलं. सांगून टाका, ताई."

ग्रुपवर टाकलं — या रविवारचं पुस्तक, 'टिटवी निघाली'. जसं छापलंय तसंच वाचा.

उद्या मला मालासाठी नागपूरला जायचंय. निकूला सांगितलं, तर पाठ फिरवून बसली. तिला नागपूर म्हणजे काय, ते मला कळतं. जाऊ नये असं वाटतं. पण फळ्या रिकाम्या आहेत.

२५ ऑगस्ट, सोमवार

बसमध्ये लिहितोय, अक्षर हलतंय. सकाळी शर्ट घेतला तर खिशावर किमतीचं लेबल. पुस्तकावरचंच, माझ्या हातचं — 'येते'. पुढे पेन्सिलीनं एक काठी जोडलेली, वाकडी, जोर देऊन काढलेली.

निकू दारात आडवी उभी. "मोठ्यानं वाच. तवाच जाय."

वाचलं. "येतो."