ओख्याच्या समुद्रातली बाई

फ्लोरिडा, १२ जानेवारी

ती. बाबांना हर्षालीचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवतेही वेळेवर. संशोधनासाठी आठवडाभर इथे आलेय.

काल मॅनेटी म्हणजे समुद्रगाय पाहिली. पिल्लू तिच्या वल्ह्यासारख्या हाताखाली तोंड घालून दूध पीत होतं. गाईड म्हणाला, "जुने खलाशी हिलाच जलपरी समजायचे." मला रडूच आलं.

गुजरातेत ओख्याच्या बोटीवर नोकरीला असताना पाण्यात लेकराला पाजणारी बाई दिसली, असं तुम्ही एकदा माझ्या मैत्रिणींना सांगितलंत. मी म्हणाले, "बाबा, तेव्हा किती घेतली होती?" सगळ्या हसल्या. नंतर तुम्ही समुद्राचं नावच काढलं नाहीत.

समुद्रगायीचा भाऊबंद, डुगाँग, कच्छच्या आखातात, म्हणजे ओख्याजवळच असतो. तुम्ही खरंच पाहिलं होतंत. चुकले मी.

आईचा गुडघा कसा आहे? रविवारी फोन करते. लगेच तिच्याकडे देऊ नका, थोडं माझ्याशी बोला.

तुमची,
हर्षू