भेगेवरची काच

१४ मे २००६

आज पश्चिमेच्या भिंतीला काच लागली! दिग्रसचा हा लाल विटांचा बंगला कुण्या गोऱ्या कापूस-साहेबाने सव्वाशे वर्षांपूर्वी बांधला — आमच्या उन्हाळ्यात, अन् तोही शेकोटी-धुराड्यासकट! माझ्याच बातम्यांनी तो संरक्षित वारसा ठरला. आता परवानगीशिवाय एक वीट हलवता येत नाही. भिंत मात्र विनापरवाना हलते. पाठशाळेत शिकलो होतो, स्थावर म्हणजे न हलणारे.

नागपूरचे अभियंते भेगेवर आडवी काचपट्टी चुन्यात बसवून गेले. ती तडकली तर भिंत सरकली असे धरायचे, मग दुरुस्ती मंजूर. हे मला सांगितले. चौकीदार किसनसिंगला फक्त — "लक्ष ठेव."

तो अन् त्याची बायको बिजलीबाई त्याच भिंतीला लागून राहतात. शेजारची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद पडल्यापासून ही चौकीदारीच. मला म्हणाला, "पंडितजी, हे काच फुटली तं?"

"सरकारी आहे. पगारातून कापतील!"

अभियंतेही हसले.

२ जुलै

पाऊस. भेगेची बातमी पाठवली. संपादकांचा फोन — "विटा कोण वाचतो? कापूसवाल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या किती झाल्या ते सांगा." सांगितले. या आठवड्यात दोन.

९ जुलै

भेग रुंदावल्यासारखी वाटते. काच अखंड. माझ्या चष्म्याचा नंबर बदलला असावा.

२१ जुलै

अभियंते आले. काच शाबूत! "भिंत स्थिर, दुरुस्तीची निकड नाही" असे लिहून, चहा पिऊन गेले.

बिजलीबाई म्हणाली, "भाऊ, भिंतीतून माती गळून राह्यली."

"बिजलीबाई, तुमचे ऐकू की काचेचे?"

५ ऑगस्ट

भिंत पडली. भरदुपारी. किसनसिंग खाली सापडला. शिडी लावून तिथे काय करत होता, कोणालाच ठाऊक नाही.

६ ऑगस्ट

विटा अखेर पहिल्या पानावर. किसनसिंग चौथ्या ओळीत — "एक ठार". मीच लिहिली.

१७ ऑगस्ट

बिजलीबाईने बिस्किटांचा डबा पुढे केला. आत तडकलेल्या काचपट्ट्या. सहा.

"फुटली का ते जिनच्या खिडकीची काच कापून नवी लावत. त्या दिवशी सातवी लावाले चढले होते."

"पण कशाला?"

"तुमीच तं म्हनलं होतं ना भाऊ, पगारातून कापतीन."