समीक्षाचा बिल्ला

शुक्रवार, संध्याकाळ

थकले. दिवसभर इंग्रजी बोलून घरी आले की मलाच कोणाशी बोलावंसं वाटत नाही. मग त्या पोरीचं काय?

आठवीतल्या समीक्षाची आई आज इंझोरीहून एसटीने शाळेत आली. स्टाफरूमच्या दारातूनच म्हणाली, "मॅडम, पोरगी घरी बोलतच नाही. काही इचारलं तं नुसती मुंडी हालवते. दवाखान्यात नेऊ काय?"

समीक्षाला बोलावलं. खिशावर तो निळा बिल्ला, 'इंग्लिश स्टार'. असेंब्लीत मीच लावलेला. लावताना सगळ्यांसमोर वचन घ्यायचं, की घरीसुद्धा इंग्रजीच बोलेन. आमच्या इंटरनॅशनल शाळेची पद्धतच आहे ती. हिच्या घरात इंग्रजी कोणालाच येत नाही, हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? मी काय लंडनची? मेडशीची तर आहे! पोरीने वचन पाळलं. गप्प राहून पाळलं.

आईला सगळं सांगितलं, मराठीत. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "म्हंजे आजारी नाही ना? मंग बस झालं."

"समीक्षा, बोल गं आईशी. वचनातून सोडलं तुला," मी म्हटलं.

तिने आधी दाराकडे पाहिलं, प्रिन्सिपल सर नाहीत ना. मग तो बिल्ला तळहाताने झाकला आणि हळूच म्हणाली, "आई, मले भूक लागली."