साठ किलोंचा गडी

बनी पार्क, जयपूर
१५ जुलै २००७

ती. जयंतदादास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला आता काही ऐकू येत नाही, आणि माधवीवहिनीकडे निरोप दिला तर तो तिच्या शेऱ्यांसकट पोचतो. म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. शिवाय जे सांगायचंय ते चित्र काढल्याशिवाय समजणार नाही. दादा, मी एक यंत्र बांधायचं म्हणतेय. भांडणारं.

झालं असं. कौशिक फिजिक्स शिकवतो त्या कॉलेजात गेल्या रविवारी रोबोंच्या कुस्त्या होत्या. रोबो म्हटल्यावर हातपायवाला माणूस डोळ्यांपुढे आणू नकोस. चाकांवरचा बुटका लोखंडी पेटारा, आत मोटारी आणि बॅटऱ्या, आणि मालक बाहेर उभा राहून रिमोटने तो चालवतो. एकाच्या तोंडाशी फिरतं पातं होतं. त्याने दुसऱ्याला असा तडाखा दिला की माझ्या हातातला चहा सांडला. पण पुढच्याच धडकेत त्याची स्वतःची साखळी तुटली आणि तो खुडूक कोंबडीसारखा बसून राहिला. सगळे हळहळले. मी मात्र घरी येईपर्यंत एवढंच म्हणत होते, की साखळीऐवजी पट्टा असता तर तो नुसता घसरला असता, तुटला नसता. बरोबर ना?

फेब्रुवारीत शहराबाहेर कानोत्याच्या पुढच्या एका कॉलेजात मोठी स्पर्धा आहे. त्यातला हेवीवेट गट सगळ्यांना खुला आहे, वजन साठ किलोंच्या आत. म्हणजे माझ्याहून चार किलो कमी! मागच्या गॅरेजात गाडी नाहीच, जागा भरपूर आहे. बँकेत दिवसभर लोकांच्या सह्या तपासून डोळे शिणतात. हातांना काही काम नाही.

तर माझे प्रश्न. नऊ किलोंचा, अंगावर दात असलेला पोलादी ड्रम मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल आणि समोरच्यावर आदळला, तर धक्का आधी कुणाला बसतो, दाताला की बेअरिंगला? आबांनी मला वर्कशॉपमध्ये उभं केलं असतं तर हे तुला विचारावं लागलं नसतं. पण माझा हातच बसत नव्हता म्हणे.

वहिनीस नमस्कार. लोभ आहेच, तो मात्र साठ किलोंच्या मर्यादेत ठेवू नये.

तुझी
निशी


उद्यमनगर, कोल्हापूर
२६ जुलै २००७

चि. सौ. निशिगंधा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग माधवीला दिलं, मग परत मागून घेतलं आणि चित्रावर पेन्सिल घेऊन बसलो. त्रेचाळीस वर्षांची बँक अधिकारी लोखंडाला कुस्ती शिकवणार! बाई, तू कोल्हापूर सोडलंस पण कोल्हापूर तुला सोडत नाही.

पट्ट्याचं म्हणणं बरोबर. धडक बसली की कुठेतरी काहीतरी सुटलं पाहिजे. काय सुटायचं ते आधी आपण ठरवावं, नाहीतर यंत्र ठरवतं. धक्का दात, ड्रम, आस, बेअरिंग असा सगळ्यांना बसतो. म्हणून बेअरिंग जाड पत्र्यात नाही, चांगल्या ठोकळ्यात बसव. तसे दोन ठोकळे मी करून पाठवतो. सध्या मशीनवर काम थोडं आहे. कान गेल्यापासून गिऱ्हाइकं मुलाशी बोलतात आणि मी बाजूला कॅलेंडरसारखा टांगलेला असतो.

आता माझे प्रश्न. हा गडी पाठीवर पडला तर उठणार कसा? चाकं दोन की चार? रिमोटचा संदेश तुटला तर ड्रम थांबतो की फिरतच राहतो? या शेवटच्याचं उत्तर पहिलं धाड.

कौशिकरावांस नमस्कार. प्रेम आहे तेच ठेवावं, हत्यारं मात्र नवी घ्यावीत.

तुझा
दादा


बनी पार्क, जयपूर
२१ ऑक्टोबर २००७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ठोकळे पोचले. इतके गुळगुळीत आहेत की दोन दिवस ते दिवाणखान्यातच ठेवले होते. संदेश तुटला तर ड्रमची वीज आपोआप बंद होते, वीस वेळा करून पाहिलं. पाठीवर पडला तर उठायला नकोच. चारही चाकं चौकटीपेक्षा मोठी केली आहेत, तो उलटाही तसाच पळतो. पंचाईत एवढीच, की उलटा झाला की माझं डावं-उजवं उलटं होतं.

शास्त्रीनगरातल्या गोविंदजींचं लेथचं दुकान आहे. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, मॅडमजी मिक्सर दुरुस्तीला घेऊन आल्यात. आता दर शनिवारी माझ्यासाठी स्टूल पुसून ठेवतात. ड्रम त्यांनीच काढून दिला, मी बाजूला उभी राहून माप घेत होते. पहिल्यांदा सगळं जोडून वजन केलं तर पासष्ट किलो! मग तीन रविवार नुसती भोकं पाडली. चौकट आता चाळणीसारखी दिसते, पण भरली साडेएकोणसाठ.

आणि एक नवल सांगायचंय. ड्रम पूर्ण वेगात असताना गाडी झटकन वळवली की तिची एका बाजूची चाकं जमिनीवरून उचलली जातात. कुत्र्याने पाय वर करावा तसं! मला वाटलं चौकट वाकडी आहे. कौशिकने मला गच्चीवर नेलं, सायकलचं सुटं चाक दोन्ही हातांत धरायला लावलं, ते जोरात फिरवलं आणि म्हणाला, आता गर्रकन वळ. दादा, चाक माझ्या हातात जिवंत झालं! मी डावीकडे वळले तर ते एका अंगाला कलंडू पाहत होतं. फिरणाऱ्या वस्तूला दिशा बदललेली आवडत नाही, ती तिसरीकडेच ढकलते. तू हे पाहिलंयस का कधी? घरी करून पाहा आणि कळव. चाकं मी दोन्ही बाजूंना चार-चार बोटं बाहेर सरकवली आणि वळायचा वेग कमी ठेवला. आता पाय उचलणं थांबलंय.

कळावे. आठवणीचा पट्टा घसरू देऊ नये.

तुझी
निशी


बनी पार्क, जयपूर
२० नोव्हेंबर २००७

ती. स्व. जयंतदादा यांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मी निशीला न सांगता लिहीत आहे. ती लिहू नकोस म्हणाली होती, म्हणून आधीच क्षमा मागतो.

परवा रविवारी दुपारी गॅरेजात ड्रम फिरवून पाहत असताना त्यावरचा एक पोलादी दात सुटला. तो निशीच्या डाव्या हाताला चाटून मागच्या पत्र्याच्या दारातून आरपार गेला आणि बाहेर लिंबाच्या खोडात रुतून बसला. हाताला अकरा टाके पडले. नस वाचली, बोटं हलतात. डॉक्टर म्हणाले, चार बोटं इकडे असता तर मी दुसऱ्या प्रकारे बोललो असतो.

टाके घालून घरी आल्यावर तिने पहिली गोष्ट कोणती केली असेल? पक्कड घेऊन तो दात खोडातून काढला आणि भिंगाखाली पाहत बसली. मी चिडलो, ओरडलो. ती शांतपणे म्हणाली की तुटलेला भाग चकाकतोय, असं का, ते आधी समजलं पाहिजे. दादा, तिची उत्सुकता मला आवडते; लग्न तिच्यावरच भाळून केलं. पण मी घाबरलो आहे. माझं ती ऐकणार नाही, तुमचं ऐकेल. तिला हे थांबवायला सांगाल का?

आपला लोभ आजवर मागावा लागला नाही. या वेळी मागतो.

आपला
कौशिक


उद्यमनगर, कोल्हापूर
१ डिसेंबर २००७

चि. सौ. निशीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कौशिकरावांनी कळवलं. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी मला तुला थांबवायला सांगितलंय. चार दिवस पेन हातात घेतो आणि ठेवतो आहे, कारण तुला थांबव म्हणायचा हक्क मला नाही. का नाही, ते आज लिहितो.

तुझी मॅट्रिक झाली त्या उन्हाळ्यात आबांनी आपल्याला लोखंडाचा एक-एक तुकडा दिला होता, कानशीने घासून काटकोनी ठोकळा करायला. तुला आठवत असेल. तू मैत्रिणीकडे गेलीस तेव्हा आबांनी दोन्ही ठोकळे काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे धरले. माझ्या ठोकळ्याखालून उजेडाची रेघ दिसत होती. तुझ्या ठोकळ्याखालून काही दिसलं नाही, काटकोन चोख होता. आबा तो ठोकळा हातात घेऊन म्हणाले, पोरीला उद्यापासून मशीनवर घेऊ.

मी वीस वर्षांचा होतो. तीन वर्षं वर्कशॉपमध्ये राबत होतो. मी आबांना सांगितलं की ती धांदरट आहे, परवाच तिचा पदर पट्ट्यात जाता जाता वाचला, एक दिवस हात घालवून बसेल. पदराचं खोटं होतं. आबा भ्याले. आणि तुला मी येऊन सांगितलं की आबा म्हणतात, तुझा हात बसत नाही. आबा असं कधी म्हणाले नव्हते. ते वाक्य माझं होतं.

याच्यापुढे काही लिहिण्यासारखं नाही, म्हणून कामाचं लिहितो. कडक केलेल्या पोलादाला वेल्डिंग केलं की जोडाशेजारी ते काचेसारखं ठिसूळ होतं. तुला दिसलेली चकाकी तीच. दात वेल्ड करायचा नाही. ड्रमला खाच पाडून आत बसवायचा आणि आतून बोल्टने आवळायचा. ड्रमच्या रेषेत माणूस उभा राहणार नाही. चाचणी जाड लाकडी खोक्याच्या आत. बॅटरीच्या तारेत हाताने उपसता येईल अशी किल्ली ठेव, आणि गडी जमिनीवर नसेल तेव्हा ती तुझ्या खिशात.

लोभाचं मी आज काही लिहीत नाही. तो तुझ्याकडे आहे.

दादा


बनी पार्क, जयपूर
१५ जानेवारी २००८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सहा आठवडे उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात नुसत्या शिव्या होत्या, त्याही कोल्हापुरी. दुसऱ्यात मी फार मोठ्या मनाची झाले होते. ते वाचून माझं मलाच हसू आलं. तिसरं कौशिकने वाचायला मागितलं म्हणून फाडलं.

मी रागावलेली आहे. किती दिवस राहीन ते माहीत नाही. काल संक्रांतीला सगळं जयपूर गच्चीवर पतंग उडवत होतं आणि मी गॅरेजात खाचेत दात बसवत होते. तू लिहिलंस तसंच केलंय. खोका केला, किल्ली केली, ती गळ्यात घालते. कौशिक रोज मंगळसूत्राच्या आधी किल्ली तपासतो. चाळीस वेळा फिरवलं, जाड फळ्या फोडल्या. दात हललेला नाही.

स्पर्धा १० फेब्रुवारीला, रविवारी आहे. दोघांना आत जाऊ देतात, एक चालवायला आणि एक दुरुस्तीला. कौशिकला पाना कुठल्या बाजूने धरायचा ते समजत नाही. तू ये. माफ केलंय म्हणून नव्हे. मला पाना धरणारा माणूस हवाय.

वहिनीस तिळगूळ. तुझ्यासाठी वेगळा पाठवलेला नाही, तो इथे येऊन घ्यावा.

निशी


बनी पार्क, जयपूर
११ फेब्रुवारी २००८

प्रिय सौ. माधवीस,
सप्रेम नमस्कार.

सुखरूप आहे. थंडी सोसते. तू दिलेला मफलर कौशिकरावांनी ढापला.

काल सकाळी भाड्याच्या जीपमध्ये गडी घालून कानोत्याच्या पुढे गेलो. मैदानात जाड पारदर्शक काचेसारख्या भिंतींचा पिंजरा, भोवती हजारभर पोरं. मला आवाज फारसा येत नाही, पण पहिल्या कुस्तीत ड्रम समोरच्यावर आदळला तेव्हा धक्का माझ्या तळपायातून गुडघ्यापर्यंत आला. समोरचं यंत्र अजमेरच्या पोरांचं. त्याचा पुढचा पत्रा कागदासारखा उलटला, एक चाक लोंबायला लागलं. पाऊण मिनिटात चितपट! मी नाचलो. होय, नाचलो.

मग अर्ध्या तासाची विश्रांती. निशीने ड्रमवर रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि वरून खडूची भुकटी चोळली. आपल्याकडे आबा करायचे तसं. हिला कुणी शिकवलं विचारलं तर कानाशी ओरडून म्हणाली, खिडकीतून पाहायचे. बोल्टच्या भोकापाशी आत मुरलेल्या रॉकेलने खडू ओला झाला, नखाएवढी रेघ उमटली. ड्रमला तडा. मी म्हणालो, तीनच मिनिटांची कुस्ती आहे, टिकेल. खरंच टिकला असता, बहुतेक. तिने ड्रमचा पट्टा काढून माझ्या हातात दिला आणि पंचांना विचारून आली, की हत्याराशिवाय लढलं तर चालतं का.

चालतं म्हणाले. माधवी, अशी कुस्ती मी पाहिली नव्हती. समोरच्याचं लांब पातं होतं, वेग घ्यायला त्याला पाच-सहा सेकंद लागायचे. ही त्याला ते सेकंदच देईना. वेग आला की अंगावर जायची, भिंतीला दाबून धरायची, पातं थांबायचं. त्याने आमचं एक चाक उडवलं, वरचा पत्रा फाडला, एकदा पार उलटं केलं. गडी उलटाच पळाला. डावं-उजवं बदललं तरी हिचा हात एकदाही चुकला नाही. तीन मिनिटं संपली तेव्हा तो तीन चाकांवर फिरत होता. तीन पंचांपैकी दोघांनी त्यांना कौल दिला, एकाने आपल्याला. हरलो. पण पोरं उभी राहिली होती.

येताना तिने कानोत्याच्या धरणापाशी जीप थांबवायला लावली. कौशिकराव चहा आणायला गेले. सहा दिवस मी इथे आहे, त्या विषयावर ती एक अक्षर बोलली नव्हती. लोक ओरडण्याऐवजी लिहून दाखवतात त्या माझ्या वहीत तिने लिहिलं, की सत्तावीस वर्षं माझ्या हातून कप निसटला तरी मला वाटायचं, आबा बरोबर म्हणत होते. एवढंच. मी वही घेतली. उत्तर लिहायला पेन्सिल टेकवली. रडलो, असं तुला सांगतो. मुलाला सांगू नकोस. तिने मला सावरलं वगैरे नाही. पाण्याकडे पाहत शेजारी बसून राहिली, उठून मात्र गेली नाही.

थोड्या वेळाने वही माझ्या हातातून घेतली, पान उलटलं आणि नव्या ड्रमचं चित्र काढायला लागली. तडा भोकापाशीच का गेला, भोक कडेपासून किती लांब हवं, यावर आमचं चहा निवेपर्यंत भांडण झालं. भोकाचं तिचं बरोबर होतं, जाडीचं माझं.

तेव्हा मी आणखी आठ दिवस राहतो आहे. तिने विचारलं नाही, तिकीट रद्द केल्याचं सांगितलं. उद्या सकाळी साडेसातला गोविंदजींच्या दुकानात जायचंय. लेथवर उभं मी राहू ना, असं मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि स्वतःकडे बोट दाखवलं.

माया आहे ती तशीच राहू दे. पांघरूण मात्र एक जास्तीचं पाठव.

तुझा
जयंत